चेनचा 'स्लॅक' : ढिलाई, ताण की झोल?

डोंगरवाटांवर मोटरसायकली घालणाऱ्या आमच्या गटासाठी चेन बदलायची कृती मराठीत लिहितो आहे. 'चेन', 'स्पॉकेट' तसेच ठेवले आहेत. 'दंतचक्र' लिहिलं तर माझाच भाऊ वाचणार नाही. अडलं ते 'स्लॅक'पाशी. पुढच्या-मागच्या स्पॉकेटच्या मधोमध खालची चेन बोटाने वर-खाली केली की जेवढी हलते, ते अंतर. मी लिहिलं, 'ढिलाई ४० मिलिमीटर ठेवा.' एकाने लगेच विचारलं, ढिलाई मुद्दाम कशाला ठेवायची?

प्रतिसाद : बरोबरच विचारलं त्याने. ढिलाई हा दोष आहे, कामात असो नाहीतर कारभारात. तुम्हाला मोजून ठेवलेला सैलपणा म्हणायचा आहे. त्याला आपल्याकडे 'झोल' आहे की! वाळत घालायच्या दोरीला झोल पडतो, मांडवाच्या कापडाला पडतो. विजेच्या तारेला तर मुद्दाम ठेवतात, थंडीत आखडून तुटू नये म्हणून.

प्रतिसाद : मुंबईत झोल म्हणजे लफडं. 'चेनमध्ये झोल ठेवा' वाचून पोरं हसतील.

प्रतिसाद : हसू देत, लक्षात तरी राहील. माझं भांडण 'ताणा' या क्रियापदाशी आहे. गॅरेजात 'चेन टाइट कर' म्हणतात, पुस्तकी माणूस 'ताणा' लिहितो, आणि दोन्ही ऐकून नवखा ती तंबोऱ्याच्या तारेसारखी करून ठेवतो. गाडी खड्ड्यात आदळली की मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म हो) वर जातो. तो ज्यावर फिरतो ती खीळ आणि पुढचा स्पॉकेट एका जागी नसतात, म्हणून चिमटा हलेल तसं दोन स्पॉकेटमधलं अंतर बदलतं. खीळ, पुढचा स्पॉकेट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत घट्ट. तेव्हा झोल शिल्लक नसेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. कच्च्या वाटेच्या गाडीचा चिमटा जास्त हलतो, म्हणून तिला झोलही रस्त्यावरच्या गाडीपेक्षा जास्त.

शिवाय 'चेन ताणली गेली' असंही आपण म्हणतो, ते तर वेगळंच. पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक सांध्यात केसभर जागा होते, शंभरावर सांध्यांत ती साठते. त्याला 'चेन वाढली' म्हणा. ५२० नंबरच्या चेनचा पहिला आकडा ५, म्हणजे पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर) ५/८ इंच, १५.८७५ मिलिमीटर. नव्या चेनचे २० पिच ३१७.५ भरतात. किती वाढेपर्यंत चालवायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. आणि बदलताना दोन्ही स्पॉकेटही बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन म्हणजे पैसे पाण्यात.

प्रतिसाद : एक उपप्रश्न. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या 'मास्टर लिंक'ला गॅरेजात 'चेन लॉक' म्हणतात. घरी वाचणाऱ्याला कुलूपच वाटेल. 'जोडकडी' कसा वाटतो? जमीन मोजायच्या ३३ फुटी साखळीलाही कड्याच असायच्या. (त्या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. विषयांतर, माफी.)

प्रतिसाद : जोडकडी छान. पण तिच्या क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी, हे ठळक लिहा. उलटी बसली तर दगडाला घासून निघते, मग शब्दाचं कौतुक कोण करणार?

मूळ लेखक : 'ताणा' पूर्ण काढलं. आता असं आहे : 'मागच्या आसाचा नट सैल करा. दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर सारखेच फिरवून झोल पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे झोल सर्वांत कमी तिथला आकडा धरा. नट आवळा. आवळताना झोल बदलतो, पुन्हा मोजा.' भावाला वाचायला दिलं. हसला, पण दुसऱ्यांदा मोजायला विसरला नाही.