गॅलरीत ताग नको, काथ्या घ्या

घरात जमिनीवर काय अंथरावं, या प्रश्नावर वर एकांनी सुचवलंय की तागाचा गालिचा नैसर्गिक असतो, तेव्हा हॉल आणि गॅलरी दोन्हीकडे तोच अंथरा. हॉलपुरतं ठीक. गॅलरीत मात्र एका पावसाळ्यात काळा पडेल. तागाचा धागा पाणी भराभर शोषतो, ओला झाला की कमकुवत होतो आणि नीट वाळला नाही तर बुरशी धरतो. घरातही पाणी सांडलं की तपकिरी डाग उमटतो. घासू नका, कोरड्या फडक्याने टिपा आणि पंख्याखाली दोन्ही बाजू वाळवा.

छपराखालच्या गॅलरीला काथ्या बरा. त्यात लिग्निन (वनस्पतींच्या धाग्याला कणखर करणारा घटक) भरपूर, म्हणून तो सहसा लवकर कुजत नाही. पण घेताना उलटा करून बघा. खाली पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, थर असेल तर पाणी अडकतं, शिवाय तो थर सुटा होत नाही, म्हणजे शेवटी सगळाच कचरा. नुसता विणलेला घ्या आणि अधूनमधून कठड्यावर वाळत टाका.

उघड्या गच्चीवर प्लास्टिकची चटई पाण्याला टिकते, उन्हाला नाही. धागे ठिसूळ झाले की भुगा थेट गटारात. (तिथे काहीच न अंथरणं सगळ्यात बरं, खरं तर.)

घरात सुती सतरंजी. पहिल्या धुण्यात आटते, मापाला थोडी मोठी घ्या. दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी झालरीचा एक धागा जाळून बघा: जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख आली तर ठीक, वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक.