कोरेगावची लढाई 1818 ची, पदक 1851 चं

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना लढाईची पदकं उशिरा मिळण्यामागे निव्वळ कागदपत्रांची दिरंगाई होती, असं एक मत मांडलं जातं; ते मला पटत नाही. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. असई, अडगाव आणि गाविलगड या लढाया 1803 च्या. खडकी, सीताबर्डी, महिदपूर 1817 च्या आणि कोरेगाव 1 जानेवारी 1818 चं. या सगळ्यांसाठीचं 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झालं थेट 1851 मध्ये! तेही तोवर हयात असलेल्यांनाच. असईला वीस वर्षांचा असलेला शिपाई तेव्हा अडुसष्ट वर्षांचा. त्यातले किती उरले असतील, आणि गावी परतलेल्या म्हाताऱ्यापर्यंत ही बातमी तरी कशी पोचणार?

कोरेगावचा जयस्तंभ पाहा. त्याचं काम 1821 मध्ये सुरू झालं, त्यावर इंग्रजी आणि मराठीत लेख कोरले गेले. म्हणजे कोण लढलं, कोण पडलं याच्या नोंदी कंपनीकडे होत्या. तरी जिवंत शिपायाच्या छातीवर पदक यायला तेहतीस वर्षं.

बरं, कंपनीला पदक देणं जमत नव्हतं असंही नाही. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाची पदकं तिने दिली, पण हुद्द्याप्रमाणे: वरिष्ठांना सोन्याची, खाली येत येत शिपायांना कथलाची. रक्त सगळ्यांनीच सांडलं होतं. हा भेदभाव मला उशिरापेक्षाही जास्त लागतो.

कुणाच्या घरी कडेवर नाव कोरलेलं असं जुनं पदक असेल, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. आधी नावाचा नीट फोटो काढून ठेवा.