बेळगावात स्वतःचं फिजिओथेरपी क्लिनिक टाकायचंय, जागा आणि मशीनबद्दल सल्ला हवा

अनगोळकर_फिजिओ
नमस्कार मंडळी. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाल्यावर काही वर्षं एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी केली, आता स्वतःचं क्लिनिक टाकायचा विचार करायलोय. दोन जागा बघितल्यात. एक टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर, हवेशीर, मोठी, पण लिफ्ट नाही. दुसरी वडगावात मेन रोडला तळमजल्याचा गाळा, लहान आहे आणि भाडं जवळपास तेवढंच. घरचे म्हणतात टिळकवाडीच घे, तिथं पैसेवाली माणसं येतील. मशीनवाला तर रोज फोन करतोय, लेझर घ्या, डीकॉम्प्रेशन टेबल (मणका ताणायचं) घ्या, त्याशिवाय आता पेशंट येत नाहीत, हप्ते बांधून देतो म्हणतोय. आणि अजून एक, ज्यांच्याकडून पेशंट येतील असं वाटत होतं त्यातल्या एका डॉक्टरांनी पेशंट पाठवायची सरळ टक्केवारी विचारली. मला ती द्यायची नाही. पण त्याशिवाय क्लिनिक चालतं का खरंच? गावात केएलईचं फिजिओथेरपीचं कॉलेज, दरवर्षी नवीन पोरं बाहेर पडतात, त्यामुळं थोडी धाकधूक आहे. अनुभवी लोकांनी मोकळेपणानं सांगा.

शहापूरची_ताई
तळमजला घ्या. यावर दुसरा विचारच करू नका. तुमच्याकडं येणार कोण तर गुडघे धरलेली आजी, कंबर लचकलेला मामा, लकवा मारलेला माणूस ज्याला दोघं धरून आणतात. त्यांना जिना दाखवायचा? एकदा कसंबसं चढतील, दुसऱ्यांदा घरीच बसतील.

आता खरं सांगते ते नीट ऐका. क्लिनिक नवीन पेशंट किती आले त्यावर चालत नाही, आलेला पेशंट शेवटपर्यंत टिकला का त्यावर चालतं. आपल्याकडं काय होतं, तीनचार दिवस शेक घेतला, करंट लावला, दुखायचं कमी झालं की माणूस गायब, आणि दोन महिन्यांनी तेच दुखणं घेऊन दुसऱ्याकडं जातो आणि वर सांगतो की तिथं काही फरक पडला नाही. तुमचं नाव तिथंच जातं. म्हणून पहिल्या दिवशी मशीनला हात न लावता निदान अर्धा तास फक्त बोला आणि तपासा. वडगाव खासबागेत माग चालवणारी माणसं किती आहेत बघा, दिवसभर उभं राहून, वाकून धागा जोडायचा, मान आणि कंबर दोन्ही जाते. त्यांना "आराम करा" सांगून उपयोग नाही, माग बंद तर चूल बंद. माझ्याकडं एक मागवाले काका येतात, त्यांना मी मागाजवळच करायचे दोन व्यायाम शिकवले, कांडी बदलायला थांबतात तेवढ्यात होतात. तेच ते करतात, बाकीचा कागद घडी करून खिशात.

फ्रोझन शोल्डरवाल्यांना (खांदा आखडलेल्यांना) तर आधीच स्पष्ट सांगा की हे दुखणं वर्षभर, कधी दोन वर्षंसुद्धा चालतं, आधी दुखतं, मग आखडतं, मग हळूहळू सुटतं. शुगर असलेल्यांना जास्त होतं. हे आधी सांगितलं नाही तर महिन्याभरात विश्वास उडतो, सांगितलं तर तोच पेशंट शेजारणीला घेऊन येतो. आणि शुगरवाल्यांच्या पायाला शेक द्यायच्या आधी गरम-गार कळतंय का ते तपासल्याशिवाय हॉट पॅक ठेवू नका, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि ती जखम भरत नाही लवकर.

मशीनचं म्हणाल तर आयएफटी आणि टेन्स (दोन्ही करंटची मशीनं), अल्ट्रासाऊंड, हॉट पॅक, एक चांगली कॉट, भिंतीला शिडी, पुल्या, थेराबँड, एवढ्यावर सुरुवात होते. लेझर नंतर. हप्ता दर महिन्याला येतो, पेशंट नाही आला तरी येतो. साधा हिशेब करा, भाडं, मदतनीस बाई, लाईट, फोन मिळून महिन्याला २८,००० गेले आणि एका वेळचे २५० घेतले तर २६ दिवसांत रोज चारपाच पेशंट नुसता खर्च भागवायलाच लागतात. त्यात १५,००० चा हप्ता जोडा आणि मग बघा.

पडदे मात्र जाड आणि पूर्ण लांबीचे लावा. आपल्याकडच्या बायका कंबर दुखत असली तरी अर्धवट पडद्यामागं झोपणार नाहीत, आणि तुम्ही पुरुष असाल तर एक बाई मदतीला पाहिजेच.

निपाणी_नाका
ताईंनी उपचाराचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. कर्नाटकात केपीएमई (खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचा) कायदा २००७ चा आहे आणि त्यात फिजिओथेरपी सेंटरचं नाव स्पष्ट घेतलंय, त्यामुळं छोटं क्लिनिक आहे म्हणून चालतं असं समजू नका. अर्ज ऑनलाईन करायचा, जिल्हा पातळीवर डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या समितीकडून नोंदणी मिळते, कागद डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिसातून फिरतात. दरपत्रक दिसेल असं लावा. ड्राय नीडलिंग (दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचणं) करणार असाल तर सुयांचा कचरा घरच्या बादलीत टाकायचा नाही, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत, कचरा उचलणाऱ्या एजन्सीशी करार करून ठेवा. उपचाराच्या फीवर जीएसटी नाही, पण बेल्ट, नी कॅप, कुशन विकायला ठेवलं तर ते वेगळं, सीएला विचारा. बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, २०२४ पासून कायद्यातच आहे, बोर्ड रंगवायच्या आधीच पेंटरला सांगा म्हणजे दोनदा खर्च नको. २०२१ चा अलाईड हेल्थकेअरचा केंद्रीय कायदाही आहे, त्यात फिजिओ येतात, राज्याच्या कौन्सिलच्या नोंदणीवर लक्ष ठेवा.

आणि कन्नड बोलायला शिका. चिकोडी, हुक्केरी, बैलहोंगलकडनं आजी येणार, "सोंट नोवु, मोणकाल नोवु" (कंबर दुखते, गुडघा दुखतो) म्हणणार, तुम्ही नातवाला भाषांतर करायला लावलं तर आजी अर्धं सांगतच नाही.

खानापूरचा_पोरगा
मी डॉक्टर नाही, पेशंटच्या घरचा आहे. बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली. हॉस्पिटलात सांगितलं की पहिले तीन ते सहा महिने महत्त्वाचे, व्यायाम सोडू नका. रोज खानापूरहून बेळगावला आणणं शक्य नव्हतं, माझं काम उद्यमबागेत, फाउंड्रीत शिफ्ट. ज्या मॅडमकडं गेलो त्यांनी काय केलं तर आईला शिकवलं. बाबांचा हात कसा धरायचा, खांद्यातून ओढून उठवायचं नाही, कॉटवर कुशीवर कसं वळवायचं, सगळं आईकडून चारदा करून घेतलं आणि माझ्या मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावला. मग आठवड्यातून दोनदाच बोलवायच्या. आईला शक्ती योजनेत (कर्नाटकातल्या बायकांसाठीची) सरकारी बस फुकट, बाबांचंच तिकीट, म्हणून ते झेपलं. आज बाबा काठी घेऊन पाराजवळ जातात. आमच्या गावातून नंतर कितीतरी जण त्यांच्याकडं गेले, त्यांनी कुणाला टक्के दिले नव्हते.

एक विनंती, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवा. पाच वाजता बंद होणारं क्लिनिक कामगाराच्या काय उपयोगाचं?

अनगोळकर_फिजिओ
मनापासून आभार सगळ्यांचे. खानापूरच्या दादांचं वाचून खूप विचार केला. वडगावचंच बघतो. हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातल्या चंदगडकडचे पेशंट पण येतील असं वाटतं, त्यांना कसं सांभाळायचं ताई? आणि टक्केवारीचं राहिलंच.

शहापूरची_ताई
चंदगडच्या बाईला आपल्याकडच्या बसमध्ये शक्ती लागू नाही आणि महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना असलेलं निम्मं तिकीट हद्दीपर्यंतच, म्हणजे येण्याजाण्याचाच खर्च तुमच्या फीएवढा होतो. तिला रोज बोलवू नका. पहिल्यांदा नीट तपासून घरचे व्यायाम द्या, मग आठवड्यानं बोलवा, मधे व्हॉट्सॲपवर ती करते कसं ते बघा. भातलावणीच्या दिवसांत कुणी येणार नाही हे धरूनच चाला, लावणी संपली की कंबरा घेऊन सगळ्या येतात.

टक्केवारी देऊ नका. डॉक्टरांना असं कमिशन घ्यायला २००२ च्या नियमांतच मनाई आहे. शिवाय तो पैसा पेशंटच्याच खिशातून जाणार ना, मग तुम्ही दहा वेळा बोलवायच्या जागी वीस वेळा बोलवायला लागता. त्याऐवजी ज्यांनी पेशंट पाठवला त्यांना एक पान लिहून पाठवा, गुडघा आला तेव्हा किती वाकत होता, आता किती वाकतो, पुढं काय करणार. ऑर्थोवाल्यांना सांध्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचं हे कळलं तर ते स्वतःहून परत पाठवतात. हळू होतं, पण होतं.

गाळ्याचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी टेप घेऊन जा, दाराची आणि संडासाच्या दाराची रुंदी मोजा, व्हीलचेअर आत वळली पाहिजे, आणि संडास वेस्टर्न आहे का बघा, नसला तर मालकाकडून आधीच करून घ्या.