हप्ता झेपेल, पण रोजचा प्रवास?

ऑफिसपासून लांब घर घेतलं की कर्जाचा हप्ता कमी बसतो, असं म्हणतात आणि ते पटतंही. पण जाण्यायेण्याचा हिशोब सहसा कच्चाच राहतो. एका वेळची ४५ मिनिटं जास्त म्हणजे दिवसाचा दीड तास. महिन्याचे २२ दिवस धरले तर ३३ तास! शिवाय दुसऱ्या गाडीचं पेट्रोल, पाळणाघराचे जादा तास.

आम्ही रविवारी घर बघायला गेलो, अर्ध्या तासात पोचलो, खूश. सोमवारी मुद्दाम ऑफिसच्या वेळेला तोच रस्ता धरला, तर सव्वा तास! त्यात शेवटच्या सिग्नललाच २० मिनिटं. बेत तिथेच बारगळला. (एजंट अजून 'फक्त अर्धा तास'च म्हणतोय.) शेवटी एक खोली कमी असलेलं, जुनं पण जवळचं घर घेतलं. मुलं झोपायच्या आत घरी पोचतो. कपाटं कुठे ठेवायची हा घोळ मात्र अजून मिटलेला नाही.