किडनीचं पथ्य आणि अ‍ॅप: बांगड्याचं हुमण कुठे भरू?

शिवोलीची_लेक:
आईला मधुमेह जुनाच, आता किडनीचंही निघालंय. डायलिसिस नाही. सोडियम, पोटॅशियम सांभाळा म्हणाले, म्हणून जेवण नोंदवायचं मायफिटनेसपाल अ‍ॅप घेतलं. पोई, उकड्या तांदळाची पेज कशीबशी भरते, पण हुमणासाठी 'फिश करी' शोधलं की ढीगभर नोंदी, प्रत्येकीचा आकडा वेगळा, आणि पोटॅशियम कित्येकदा शून्य! आई म्हणते, "आतां मोबायलाक विचारून जेवूं?"

खारें_बंद:
मी स्वतः किडनीवाला, फोंड्याचा. ते शून्य खरं धरू नका. तिथल्या बऱ्याच नोंदी लोकांनीच पाकिटावरून उतरवलेल्या, आणि आपल्याकडे पाकिटावर पोटॅशियम छापायची सक्ती नाही. रकाना रिकामा, बेरीज कमी. मी क्रोनोमीटर नावाचं अ‍ॅप वापरतो, त्यात आकडा कुठल्या तक्त्यातला ते दिसतं.

हुमण शोधूच नका. एकदा बांगडे, खोबरं, मीठ काट्यावर तोला, रेसिपी म्हणून साठवा, मग रोज फक्त वाट्या भरायच्या. भारतीय आकडे हवेत तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, ५२८ पदार्थांचे. मीठ अंदाजाने नको: ५ ग्रॅम मिठात साधारण २ ग्रॅम सोडियम, आणि आम्हाला सहसा दिवसाला तेवढंच सांगतात. पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) खारे बांगडे तोलत बसू नका, ते बंदच. (पावसात हे सांगणं सोपं, ऐकणं नाही.)

आबोली:
'लो सोडियम' मीठ मात्र आणू नका हां. बहुतेकांत पोटॅशियम क्लोराईड असतं. अ‍ॅपवर सोडियम छान उतरेल, रक्तात पोटॅशियम चढेल.

शिवोलीची_लेक:
बापरे, तेच आणणार होते! आणि शहाळं? संध्याकाळी लागतंच तिला.

खारें_बंद:
१०० मिलीला साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम. पण रक्तात ते वाढलेलं नसेल तर डॉक्टर सरसकट तोडत नाहीत. रिपोर्ट दाखवून विचारा.

पेजेचा_तवसो:
मला रोजची नोंद पटत नाही. म्हातारं माणूस कंटाळून जेवण सोडेल, आणि साखरेच्या गोळ्या चालू असताना उपाशी राहणं जास्त वाईट. आहारतज्ज्ञाकडे जायच्या आधी तीन दिवस लिहा, त्यात एक रविवार हवाच, मासळीचा.

शिवोलीची_लेक:
हे आईला आवडेल. काटा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बघते. हुमणातली तिरफळं तोलायची का हो?

खारें_बंद:
नको! बिनधास्त घाला.