एचएसपीच्या मुलाचं पोट थांबून थांबून दुखतंय, सोनोग्राफीत आतड्यात शिरलेलं आतडं (इंटससेप्शन) दिसलं नाही (मदत हवी आहे)

मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. ४ दिवसांपूर्वी पायांवर आणि कुल्ल्यांवर हाताला लागणारे जांभळे ठिपके, एक घोटा सुजलेला, प्लेटलेट नॉर्मल, म्हणून एचएसपी धरलं (हेनॉक-शॉनलाइन परप्युरा, लहान रक्तवाहिन्यांना सूज येणारा आजार; आयजीए व्हॅस्क्युलायटिस हे नवं नाव म्हणायची सवय अजून लागत नाही). काल दुपारपासून बेंबीभोवती कळ येते. कळ आली की पाय पोटाशी घेऊन ओरडतो आणि दहा मिनिटांनी शांतपणे मोबाईल मागतो, हेच मला खटकतंय. दोन उलट्या झाल्या, हिरव्या नाहीत. शीमध्ये ऑकल्ट ब्लड (डोळ्यांना न दिसणारं रक्त) पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ११.८ वरून १०.९. पोट मऊ आहे, लघवी आणि बीपी ठीक.

तोंडाने काही देत नाही, सलाईन चालू आहे. एक्स-रेत हवा-पाण्याच्या लेव्हल (आतडं अडल्याची खूण) नाहीत. काल संध्याकाळच्या सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत जाड आणि थोडं पाणी एवढंच, पण ती कळ नसताना झाली. स्टिरॉइड अजून दिलं नाही, पोटाची लक्षणं झाकली गेली तर काय ही भीती. शिरलेलं आतडं मागे ढकलायला एनिमा सुचवू नका प्लीज, एचएसपीत बहुतेकदा लहान आतडं लहान आतड्यातच शिरतं, तिथवर एनिमा पोचत नाही.

आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट फक्त संध्याकाळी येतात, सीटी आणि मुलांचे सर्जन ७० किलोमीटरवर, ॲम्ब्युलन्स आहे. अशा वेळी संध्याकाळी परत सोनोग्राफी होईपर्यंत थांबाल की आत्ताच हलवाल, आणि हलवायचं असेल तर निघण्याआधी स्टिरॉइडचा पहिला डोस द्याल का?