‘लेफ्ट’ : गेला का उरला?

गेल्या महिन्यात आमच्या काकांचा मोबाइल दोन दिवस मुका होता. रिचार्ज संपला. मेसेज आला नव्हता असं नाही. काकांनी तो चष्मा लावून, अक्षराला अक्षर जुळवून वाचलाही होता. त्यात लिहिलं होतं, ‘थ्री डेज लेफ्ट’. काकांचा हिशोब सरळ होता. "तीन दिवस गेले म्हंते थो. अठ्ठावीसातून तीन गेले, पंचवीस बाकी हायेत. कायले घाई करू?"

मी म्हटलं, "काका, तीन दिवस उरले असा अर्थ होते त्याचा."

"मंग थ्या दिवशी गावच्या ग्रुपवर मधल्या घरच्या पोराच्या नावापुढं लेफ्ट आलं, तवा तूच सांगतलं ना मले, गेला म्हणून?"

सांगितलं होतं खरं. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात मी आठवी ते दहावीच्या पोरांची शिकवणी घेतो. ‘लीव्ह-लेफ्ट-लेफ्ट’ ही ओळ पोरांकडून किती वेळा घोकून घेतली असेल, मोजदाद नाही. पण एकच शब्द ‘गेला’ही आणि ‘उरला’ही कसा, हे पोरांनी कधी विचारलं नाही आणि मलाही कधी सुचलं नाही. काकांना चटकन पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. घरी येऊन जे खणलं ते इथं मांडतो, चुकत असेल तर सांगा.

आधी मूळ. ‘लीव्ह’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘लॅफान’ असं काहीसं होतं आणि त्याचा अर्थ ‘मागे राहू देणे’ हा होता. निघून जाण्याचा अर्थ त्यातूनच पुढे फुटला. माणूस गाव ‘लेफ्ट’ करतो म्हणजे गाव मागे राहू देतो. आपण ‘गेला’ म्हणताना जाणाऱ्याच्या पाठीकडे बघतो. इंग्रजीचा हा शब्द मुळात मागे जे राहिलं त्याच्याकडे बघत होता. म्हणून ‘ही लेफ्ट’ म्हटलं की माणूस गेला, आणि ‘टू रोटीज आर लेफ्ट’ म्हटलं की टोपल्यात दोन पोळ्या राहिल्या. मागे ठेवणारा एकीकडे, मागे ठेवलेलं दुसरीकडे, शब्द तोच.

आणखी मागे गेलं तर गंमत वाढते. भाषाशास्त्राचे लोक या शब्दाचं मूळ ‘चिकटणे’ अशा अर्थाच्या एका फार जुन्या धातूत दाखवतात. संस्कृतातला ‘लिप्’ त्याच घरचा. लेप, लिंपणं, आमच्याकडचं लिपणं, सगळी एकाच खानदानातली मंडळी. माय कुडाच्या भिंतीला शेणामातीचा हात द्यायची ते आठवलं. काला जास्त पातळ झाला की अर्धा घसरून खाली यायचा, उरलेला भिंतीला धरून बसायचा. चिकटलं ते राहिलं. इंग्रजीतले ‘लाइफ’ आणि ‘लिव्ह’ म्हणजे जगणे-राहणे हेही याच कुटुंबातले. शिकवणीत दरवर्षी निदान दोन-तीन पोरं ‘आय लीव्ह इन दारव्हा’ लिहितात आणि मी लाल पेनानं त्यावर काट मारतो. काट बरोबरच आहे, पण ते दोन शब्द चुलतभाऊ निघतील असं वाटलं नव्हतं.

आता मराठीत आणायचं तर खरी कसरत सुरू होते. ‘लेफ्ट’ला मराठीत एक शब्द नाही, निदान सहा-सात आहेत, आणि चुकीचा लावला की अनर्थ. एका पोरानं उताऱ्याच्या भाषांतरात लिहिलं होतं, ‘ते वारले आणि त्यांनी बायको व दोन मुलं टाकून दिली.’ मूळ वाक्यात ‘लेफ्ट बिहाइंड’ होतं. आपल्या पेपरात त्याला ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे’ म्हणतात. टाकणं म्हणजे वेगळंच. आमच्याकडे ‘टाकलेली’ हा शब्द एखाद्या बाईबद्दल निघाला की ओट्यावरच्या बाया आवाज खाली करतात. मेलेल्या माणसावर पोरानं केवढा आळ घेतला होता!

शाळा ‘लेफ्ट’ केली तर आपण ‘सोडली’ म्हणतो, दाखलासुद्धा शाळा सोडल्याचाच मिळतो. पोराच्या नावावर दोन एकर ‘लेफ्ट’ केलं तर ‘ठेवलं’. सकाळी सातला ‘लेफ्ट’ केलं तर ‘निघाला’. इथं एक बारीक जागा आहे. इंग्रजीत ‘ही लेफ्ट नागपूर अॅट सेव्हन’ सहज चालतं. मराठीत ‘त्यानं सातला नागपूर सोडलं’ म्हटलं की बिऱ्हाड हलवलं की काय असं वाटतं. माणूस नागपूरहून ‘निघतो’. गाडीची गोष्ट निराळी, गाडी ठिकाण सोडते. ‘बडनेरा सोडलं का?’ असं फोनवर आपण विचारतोच. पोरांसाठी आणखी एक: नागपूरकडे निघाला असेल तर ‘लेफ्ट फॉर नागपूर’. ‘लेफ्ट टू नागपूर’ हे आपल्या ‘नागपूरले’मधल्या ‘ले’चं पाप आहे, गुण कापतात.

‘आय लेफ्ट माय टिफिन इन द बस’ हे वाक्य मात्र मला फार आवडलं. इंग्रजीत डबा ‘मी’ सोडला, दोष माझा. मराठीत? ‘डबा एस्टीत राहिला.’ जसं काही डब्यालाच पुढं मूर्तिजापूरपर्यंत जायचं होतं. छत्री राहते, चप्पल राहते, निंदाईतला विळा धुऱ्यावर राहतो. आपण काही सोडत नाही, वस्तूच राहतात. यात आपला कामचुकारपणा आहे असं कोणी म्हणेल. मला त्यात वस्तूंवरची माया दिसते.

दिशेचा ‘लेफ्ट’, म्हणजे डावा, याचा वरच्या गोष्टीशी काही संबंध नाही. त्याच्या जुन्या रूपाचा अर्थ ‘दुबळा’, आणि जुन्या इंग्रजीत पक्षाघाताला त्याच शब्दापासून ‘लिफ्ट-आड्ल’ म्हणत. डाव्या हाताला सगळ्यांनीच कमी लेखलं. आपलं ‘डावलणं’ पाहा ना, त्यात ‘डावा’ बसलेलाच आहे. आणि इंग्रजीत डावलला गेलेला माणूस कोण? ‘लेफ्ट आउट’! तिकडे दोन ‘लेफ्ट’ योगायोगानं सारखे, इकडे अर्थ फिरून त्याच दारात. नात्याचा पुरावा म्हणून कोणी हे धरू नये, नुसती मौज.

इतकं लिहून टाकल्यावर वाचकांकडून जे आलं, ते खाली.

दर्यापूरच्या एका ताईंनी विचारलं: "आमच्या बचत गटात ‘ती लेफ्ट झाली’, ‘तिनं ग्रुप लेफ्ट केला’, ‘रागानं लेफ्ट मारला’ असं तिन्ही बोलतात. यातलं बरोबर कोणतं? आणि अध्यक्षबाईनं मले लेफ्ट केलं, हे?"

ताई, तिन्ही मराठी म्हणून बरोबर आणि तिन्हींचा रंग वेगळा. ‘झाली’मध्ये कोणावर ठपका नाही. ‘केला’मध्ये निर्णय आहे. ‘मारला’मध्ये दार आपटल्याचा आवाज आहे. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की इंग्रजी क्रियापद उचलताना आपण एरवी साधं रूप घेतो: सेव्ह केलं, डिलीट केलं, फॉरवर्ड केलं. इथं मात्र भूतकाळाचं रूप उचललं, कारण तो शब्द कोणाच्या तोंडून आला नाही, पडद्यावरून आला. नावापुढं ‘लेफ्ट’ एवढंच दिसायचं, तेवढंच आपण घेतलं. ‘रिटायर्ड झाले’ हेही असंच. तुमचं शेवटचं वाक्य इंग्रजीत चालणार नाही, कारण तिकडे ‘लेफ्ट’ ज्याचं त्यानंच व्हायचं असतं, दुसऱ्यानं काढलं तर ‘रिमूव्ह’. मराठीत मात्र ‘मले लेफ्ट केलं’ मी कितीदा ऐकलंय. मला ते चूक वाटत नाही, शब्द आपल्या घरात आला की आपल्याच रीतीनं वागणार. बाकी 2022 पासून व्हॉट्सअॅपवर ग्रुप गुपचूप सोडता येतो, सूचना फक्त अॅडमिनला जाते. म्हणजे ‘लेफ्ट मारला’मधला मारच गेला.

पुसदच्या एका गुरुजींचा प्रश्न: "मग ‘लीव्ह अॅप्लिकेशन’मधला लीव्ह कोणता? रजेवर गेलेला माणूस गेलेलाच असतो."

गुरुजी, मलाही तसंच वाटायचं. पण तो तिसराच. त्याचा मूळ अर्थ ‘परवानगी’, आणि त्याचं नातं ‘लव्ह’, ‘बिलीव्ह’ यांच्याशी. सुट्टीचा अर्थ नंतरचा, वरच्यानं जायची परवानगी दिली म्हणून. आणि आपला ‘रजा’ पाहा: अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ संमती, राजीखुशी. ‘आता रजा द्या’ म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ बोलतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली. हेडमास्तरांच्या टेबलावर अर्ज तीन दिवस पडून राहिला, की दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ चांगला समजतो.

मूर्तिजापूरच्या एका दादांनी प्रश्न विचारला नाही, एक ओळ टाकली: "शकुंतला लेफ्ट, रूळ लेफ्ट."

याच्यापुढं माझा वरचा अर्धा लेख फिका आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूर अशी अरुंद रुळांची ही गाडी, दारव्ह्यावरून जायची. वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला इंग्रजांच्या काळात घातलेली. गाडी गेली, गवतात रूळ राहिले. मराठीत सांगायला दोन क्रियापदं लागली, दादांनी एकात भागवलं.

अकोल्याच्या एका वाचकानं ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ची आठवण दिली. त्यांचा जुना अर्थ ‘एक उरला’, ‘दोन उरले’, दहा मोजून झाल्यावर. बरोबर आहे, पण त्यातलं ‘उरणं’ याच मुळाचं की शेजारच्या, यावर जाणकारांत वाद आहे. आपण त्यात पडू नये.

काकांना हे सगळं सांगायला परवा संध्याकाळी गेलो. ते खाटेवर बसून तूर निवडत होते. लिपण्याचं त्यांना पटलं, रजेचंही पटलं. पण एकाच शब्दात जाणं-राहणं हे इंग्रजांचं येडपटपण आहे यावर ते ठाम. मी निघालो, आमच्याकडच्या रीतीनं "येतो" म्हटलं. फाटकाशी पोचलो तर मागून हाक आली.

"अबे थांब. तुले एक सांगाचंच राहून गेलं."

मी जागेवरच हसायला लागलो. म्हटलं, "काका, आता काय म्हणलं तुमी? राहून बी आन् गेलं बी?"

काकांनी सूप खाली ठेवलं. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मंग त्यात काय? सांगाचं राह्यलं, वेळ गेली. साधी गोष्ट हाये."

"बरं, सांगाचं काय होतं?"

"रिचार्ज मारून दे. वन डे लेफ्ट हाये."